वाहतुकीच्या कोंडीचे गणित

तुम्ही एस.टी.ने गावाला निघाला आहात असे समजा. रस्ता रुंद आहे. सकाळची वेळ आहे. गाडी चांगल्या वेगाने धावत आहे. अचानक चालक ब्रेक दाबतो. पुढे मोटारी, ट्रक आणि टेम्पो यांची लांबच लांब रांग दिसते. प्रवासी खिडकीतून माना बाहेर काढतात.

“पुढे अपघात झालेला दिसतो,” एक जण म्हणतो.

“नाही हो, एखादा ट्रक बंद पडला असेल,” दुसरा म्हणतो.

पाच-दहा मिनिटे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि मग एकदम वाट मोकळी होते. तुम्ही दोन्ही बाजूंना नीट पाहता. अपघात नाही, बंद पडलेला ट्रक नाही, रेल्वेचे फाटक नाही, पोलीसही नाही. मग इतका वेळ आपण थांबलो तरी कशासाठी?

हा प्रश्न फक्त प्रवाशांना पडतो असे नाही. गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनाही तो अनेक वर्षे पडला होता. त्याचे उत्तर कसे मिळाले, ते या पाठात पाहू या.

जपानमध्ये नागोया नावाचे मोठे शहर आहे. तेथील विद्यापीठातले प्राध्यापक युकी सुगियामा आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा प्रयोग केला. त्याची हकिकत २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी सपाट जमिनीवर एक गोल रस्ता आखला. त्याचा परीघ २३० मीटर होता. त्या रस्त्यावर सारख्या अंतरावर २२ मोटारी उभ्या केल्या. चालकांना सूचना एवढीच दिली, की ताशी ३० किलोमीटर वेगाने चालवा आणि पुढच्या गाडीला धडकू नका. मधोमध सर्व बाजूंचे चित्रण करणारा कॅमेरा ठेवला.

या रस्त्यावर सिग्नल नव्हता. चौक नव्हता, खड्डा नव्हता, रस्ता ओलांडणारी म्हैसही नव्हती. तरी काय झाले? सुरुवातीला सर्व गाड्या छान फिरत होत्या. थोड्या वेळाने कोणाचा वेग किंचित कमी झाला, कोणाचा किंचित वाढला. मग हा फरक मोठा होत गेला. शेवटी काही गाड्या चक्क थांबल्या! त्या पुन्हा सुटल्या, तर त्यांच्या मागच्या गाड्या थांबल्या. त्या सुटल्या, तर त्यांच्याही मागच्या थांबल्या. गाड्या पुढे जात होत्या, पण कोंडी मात्र उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत होती.

तुम्ही ज्वारीच्या शेतात वारा शिरताना पाहिला असेल. शेतावरून एक लाट धावत जाते, पण ज्वारीची ताटे जागच्या जागीच असतात. धावते ती केवळ लाट. कोंडीचेही तसेच असते. आज एका गाडीला अडवणारी कोंडी थोड्या वेळाने दुसऱ्याच गाड्यांची बनलेली असते. (येथे एक गंमत लक्षात ठेवा. उर्दूत लाटेला ‘मौज’ म्हणतात. मराठीत मात्र ‘मौज’ म्हणजे मजा. रस्त्यावरच्या या लाटेत मराठी मौज मुळीच नसते!)

लाट मागे का जाते, हे तुम्हीच गणिताने काढू शकाल. थांबलेल्या रांगेत प्रत्येक गाडी आपल्या लांबीसह सुमारे ७ मीटर जागा घेते असे धरा. पुढची गाडी सुटल्यावर मागचा चालक सुमारे दीड सेकंदाने सुटतो. म्हणजे ‘सुटण्याची’ बातमी दीड सेकंदात ७ मीटर मागे जाते. ७ ला १.५ ने भागा. उत्तर येते सेकंदाला सुमारे ४.७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १७ किलोमीटर. जगातील अनेक महामार्गांवर मोजलेल्या लाटांचा वेग ताशी १५ ते २० किलोमीटरच असतो. इतके साधे गणित प्रत्यक्षाच्या इतके जवळ जाते, हे पाहून मला तरी दर वेळी नवल वाटते.

पण मूळ प्रश्न राहिलाच. लहानसा फरक मोठा का झाला?

समजा, पुढच्या गाडीचा वेग ताशी ३० वरून २५ किलोमीटर झाला. तुम्ही मागच्या गाडीचे चालक आहात. तुमच्या हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला. त्या सेकंदात तुम्ही पुढच्यापेक्षा ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर, जास्त वेगाने गेलात. दोन गाड्यांमधले अंतर, म्हणजे तुम्ही घरी ज्याला फासला म्हणता, तेवढ्याने घटले. आता तुम्ही बरोबर २५ चा वेग धरला, तरी गेलेले १.४ मीटर परत येत नाहीत. ते परत हवे असतील, तर पुढच्यापेक्षाही हळू जावे लागेल. म्हणून तुम्ही वेग २४ वर आणता. तुमच्या मागचा चालक याच कारणाने २३ वर आणतो. कोणीही चूक केली नाही, प्रत्येकाने स्वतःला सांभाळले. आणि नेमके त्यामुळेच मागच्याचे काम अधिक कठीण झाले.

आता वहीत हे गणित करा. पहिल्या गाडीने वेग ५ ने कमी केला. पुढे प्रत्येक चालक आपल्या पुढच्यापेक्षा दहा टक्के जास्त वेग कमी करतो असे माना. दुसरी गाडी ५.५ ने, तिसरी ६.०५ ने, असे करत अकरावी गाडी सुमारे १३ ने वेग कमी करील. विसाव्या गाडीपर्यंत हा आकडा ३० च्या वर जातो. सर्व गाड्या ताशी ३० वेगाने येत होत्या, म्हणजे विसावी गाडी थांबलीच! पहिल्या चालकाला याचा पत्ताही नसतो. तो केव्हाच पुढे निघून गेलेला असतो.

याच्या उलट करून पाहा. प्रत्येक चालक पुढच्यापेक्षा दहा टक्के कमी वेग कमी करतो असे माना. अकराव्या गाडीचा वेग २ नेही कमी होणार नाही. विसाव्या गाडीला तर काही झाल्याचे कळणारही नाही. एकदा गुणक १.१ होता, एकदा ०.९. फरक एवढाच. पण एका रस्त्यावर कोंडी झाली आणि दुसऱ्या रस्त्यावर नाही.

गणितात पहिल्या स्थितीला अस्थिर आणि दुसरीला स्थिर म्हणतात. वाटीच्या तळाशी गोटी ठेवून तिला धक्का दिला, तर ती डोलून पुन्हा तळाशी येते. वाटी पालथी घालून तिच्या माथ्यावर गोटी ठेवली, तर हलका धक्काही तिला खाली पाडतो. नागोयाच्या त्या गोल रस्त्यावर २२ गाड्या पालथ्या वाटीवरच्या गोटीसारख्या होत्या. कोणीतरी धक्का देणारच होता. ‘कोणी दिला’ हे शोधण्यात फारसा अर्थ नाही.

अर्थात खरे चालक दर वेळी मोजून दहा टक्केच जास्त ब्रेक दाबत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ याहून चांगले ‘गणिती प्रारूप’ तयार करतात. प्रारूप म्हणजे काय? नकाशा आठवा. (नकाशा हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही.) नकाशात गावातले प्रत्येक झाड नसते, तरी वाट सापडते. गणिती प्रारूपही असेच असते. त्यात खऱ्या रस्त्यावरच्या कामाच्या तेवढ्याच गोष्टी घेतात आणि बाकीच्या सोडून देतात.

अशी प्रारूपे पुष्कळ आहेत. ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या रस्त्यांची छायाचित्रे काढून १९३५ साली दाखवले, की रस्त्यावर गाड्यांची गर्दी वाढते तसा वेग कमी होतो. त्यांनी सगळ्या गाड्यांचा एकत्र विचार केला, नदीच्या प्रवाहाचा करतात तसा. पण आपल्याला चालकाच्या वागण्याचा विचार करायचा आहे. तो १९५८ साली अमेरिकेतच रॉबर्ट हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ते जनरल मोटर्स या मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांनी एका गाडीमागे धावणाऱ्या दुसऱ्या गाडीचा अभ्यास केला. पुढे १९९५ साली जपानमध्ये मासाको बांदो या महिला शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत प्रारूप मांडले. त्या सहकाऱ्यांत सुगियामाही होते. म्हणजे गणित आधी झाले आणि गोल रस्त्यावरचा प्रयोग नंतर!

बांदो यांचे प्रारूप शब्दांत असे लिहिता येईल :

दर सेकंदाला वेगात होणारा बदल = तत्परता × (योग्य वेग − सध्याचा वेग)

पुढे जेवढे अंतर मोकळे आहे, त्यावरून चालकाच्या मनात एक ‘योग्य वेग’ ठरतो. अंतर जास्त असेल तर योग्य वेग जास्त, अंतर कमी असेल तर कमी. चालक आपला वेग त्या योग्य वेगाकडे नेत असतो. किती लवकर नेतो, ते तत्परतेवर अवलंबून असते. समजा, योग्य वेग २५ आणि सध्याचा वेग ३० आहे. तत्परता १ असेल, तर वेग सेकंदाला ५ या दराने कमी होऊ लागतो. तत्परता ०.५ असेल, तर तो सेकंदाला २.५ या दराने कमी होऊ लागतो. दुसरा चालक आळशी आहे असे नाही. कदाचित त्याच्या ट्रकमध्ये दहा टन कांदा भरलेला असेल!

आता या सर्व गणिताचा निष्कर्ष पाहा. तो मोठा सुंदर आहे. १९५८ चे आणि १९९५ चे प्रारूप वेगवेगळे आहे, तरी दोन्हींतून एकच अट निघते :

जोर × उशीर हा गुणाकार अर्ध्यापेक्षा कमी असला पाहिजे.

‘उशीर’ म्हणजे चालकाला आणि त्याच्या गाडीला वेग जुळवायला लागणारे सेकंद. (बांदो यांच्या प्रारूपात १ ला तत्परतेने भागले की उशीर मिळतो.) ‘जोर’ म्हणजे पुढच्या बदलाला चालक किती तीव्रतेने उत्तर देतो ते. बांदो यांच्या प्रारूपात, अंतर एक मीटरने बदलले तर चालकाचा योग्य वेग सेकंदाला किती मीटरने बदलतो, तो आकडा म्हणजे जोर. उदाहरणार्थ, जोर ०.५ आणि उशीर १.५ सेकंद असेल, तर गुणाकार ०.७५ होतो. तो अर्ध्यापेक्षा जास्त आहे. लाट मोठी होणार. उशीर ०.८ सेकंदावर आला, तर गुणाकार ०.४ होतो. लाट विरून जाणार.

येथे थोडे थांबून विचार करा. उशीर फारसा कमी करणे माणसाच्या हाती नसते. डोळ्यांनी पाहायचे, मनाने समजायचे, पायाने दाबायचे, याला वेळ लागतोच. मात्र उशीर वाढवणे अगदी सोपे आहे. झोप अपुरी झाली, मोबाइलकडे नजर गेली, की तो वाढलाच. जोर मात्र कमी करता येतो. कसा? पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून. मोकळी जागा भरपूर असली, की पुढच्याने जरा ब्रेक लावला म्हणून आपल्यालाही लगेच दचकून ब्रेक लावावा लागत नाही. उशीर तोच १.५ सेकंद असू द्या. जोर ०.३ झाला, तरी गुणाकार ०.४५ होतो आणि रस्ता वाचतो.

नागोयाच्या प्रयोगात अंतर किती होते? २३० ला २२ ने भागा. एका गाडीच्या वाट्याला साडेदहा मीटरपेक्षाही कमी जागा येते. त्यातली चार मीटरहून जास्त जागा गाडीनेच व्यापलेली. उरले सुमारे सहा मीटर. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरपेक्षा जास्त जाते. त्या चालकांच्या छातीत किती धडधडत असेल, याची कल्पना करा!

“मग सर्वांनी खूप अंतर ठेवावे, झाले!” असे तुम्ही म्हणाल. पण ते इतके सोपे नाही. दोन गाड्यांमध्ये तीन सेकंदांचे अंतर असेल, तर एका तासात, म्हणजे ३६०० सेकंदांत, एका रांगेतून फार तर १२०० गाड्या जातील. दीड सेकंदाचे ठेवले, तर २४०० जातील. सकाळी कामावर निघालेल्या शहराला २४०० गाड्यांची जागा हवी असते. शिवाय तुम्ही अंतर सोडले, की शेजारचा त्यात आपली गाडी घुसवतो, हे सांगायला गणित लागत नाही.

आता एक खेळ सांगतो. त्याला चौकटीची वही, दहा-बारा चिंचोके आणि एक फासा लागेल. हा खेळ खरे तर १९९२ साली जर्मनीतील काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग यांनी मांडलेले प्रारूप आहे. मोठमोठे संगणक तो खेळले आहेत. वहीत तीस चौकोनांची एक पट्टी आखा. शेवटच्या चौकोनापुढे पुन्हा पहिला चौकोन येतो असे माना, म्हणजे रस्ता गोल झाला. प्रत्येक चौकोन साडेसात मीटरचा आहे आणि प्रत्येक खेळी एका सेकंदाची. चिंचोका म्हणजे मोटार. प्रत्येक चिंचोक्याचा वेग बाजूला लिहून ठेवा. वेग ० ते ५ चौकोन असू शकतो.

प्रत्येक खेळीत प्रत्येक मोटारीसाठी असे करा. आधी वेग एकने वाढवा, पण ५ च्या पुढे नेऊ नका. मग पुढे किती चौकोन रिकामे आहेत ते मोजा. वेग त्यापेक्षा जास्त असेल, तर तेवढाच कमी करून घ्या. नंतर फासा टाका. सहा पडले, तर वेग आणखी एकने कमी करा. मात्र तो शून्याच्या खाली जात नाही. सर्व मोटारींचे वेग ठरले, की मगच सगळ्या चिंचोक्यांना एकदम पुढे सरकवा. एकेक करून सरकवाल, तर खेळ बिघडेल.

फाशावरचे सहा म्हणजे चालकाचे लक्ष क्षणभर उडणे. आधी पट्टीवर तीनच चिंचोके ठेवून खेळा. कोणी सहा टाकले, तरी फारसे बिघडत नाही. मग दहा चिंचोके ठेवा. थोड्याच खेळींत कोठेतरी तीन-चार चिंचोके एकमेकांना चिकटून उभे राहतील आणि तो पुंजका मागे सरकू लागेल. फासा बाजूला ठेवून, दहा चिंचोके सारख्या अंतरावर मांडून खेळलात, तर मात्र पुंजका होणारच नाही. दोन्ही प्रकारे खेळून पाहा.

हे सर्व कळले, त्याचा उपयोग काय? २०१६ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात नागोयासारखाच गोल रस्ता आखून प्रयोग करण्यात आले. वीस-बावीस गाड्यांपैकी फक्त एका गाडीचा वेग यंत्र सांभाळत होते. पुढची गाडी भरकन गेली, तरी ही गाडी तिच्यामागे धावत नसे. पुढची थांबायला आली, तरी ही हळूहळू सरकत राही. तिच्या पुढचे मोकळे अंतर कधी वाढे, कधी कमी होई. त्या मोकळ्या जागेतच लाट विरून जाई. बाकी सर्व गाड्या माणसेच चालवत होती. तरी सर्वांचे मिळून इंधन ४० टक्क्यांपर्यंत कमी लागले आणि जोराने ब्रेक दाबण्याचे प्रसंगही खूप कमी झाले. त्यातील एका प्रयोगात तर यंत्राऐवजी नीट शिकवलेला माणूसच ती गाडी चालवत होता. त्यालाही लाट शांत करता आली.

मात्र यंत्र बसवले म्हणजे काम झाले, असे समजू नका. पुढच्या गाडीकडे पाहून आपोआप वेग कमी-जास्त करणाऱ्या मोटारी आज बाजारात मिळतात. नंतरच्या काळात अमेरिकेत अशा काही मोटारी एकामागे एक चालवून तपासल्या. त्या लाट कमी करण्याऐवजी वाढवतात, असे आढळले. यंत्राचाही जोर आणि उशीर असतो. गुणाकाराची अट त्यालाही चुकत नाही.

आणि आपल्याकडे? वर सांगितलेल्या सर्व प्रारूपांत एक गोष्ट गृहीत धरली आहे. गाड्या एकामागे एक चालतात आणि चालक फक्त पुढच्या गाडीकडे पाहतो. आपल्या गावातल्या बाजाराच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. रिक्षाच्या डावीकडून स्कूटर येते. स्कूटरच्या पुढ्यात हातगाडी येते. एस.टी. मध्येच वळते आणि सायकलवाला सर्वांच्या फटीतून निघून जातो. येथे ‘पुढची गाडी’ कोणती, हेच आधी ठरवावे लागते. म्हणून भारतातले संशोधक रस्त्याच्या लांबीबरोबर रुंदीचाही विचार करणारी वेगळी प्रारूपे तयार करतात. त्यासाठी रस्त्यावर उंच जागी कॅमेरे लावून तासन्‌तास चित्रण करतात आणि एकेका वाहनाची वाट मोजतात. हे काम किचकट आहे आणि ते अजून पुष्कळ बाकी आहे. तुमच्यापैकी कोणाला गणित आवडत असेल, तर बाजाराच्या त्या रस्त्यावर वही-पेन्सिल घेऊन अर्धा तास उभे राहायला आजही हरकत नाही. फक्त फुटपाथवर उभे राहा.

स्वाध्याय

१. नागोयाच्या रस्त्यावर सिग्नल, चौक किंवा खड्डा का ठेवला नव्हता, असे तुम्हांला वाटते?

२. पुढच्या गाडीचा वेग धरला, तरी मागच्या चालकाला आणखी हळू का जावे लागते? तुमच्या शब्दांत सांगा.

३. एका चालकाचा जोर ०.४ आहे. त्याचा उशीर किती सेकंदांपेक्षा कमी असला म्हणजे लाट वाढणार नाही?

४. चिंचोक्यांचा खेळ वर्गात दोन गट करून खेळा. एका गटाने फासा वापरावा, दुसऱ्याने वापरू नये. काय दिसले ते पाच-सहा ओळींत मराठीत लिहा.